क्रिल, कोपेपॉड यांच्या पेशींवर युव्हीचा परिणाम : ध्रुवीय थंडीत नुकसान जास्त होतं की दुरुस्ती कमी पडते?

निळाई

नमस्कार मंडळी, मी एमएस्सी झूलॉजी दुसऱ्या वर्षाला आहे आणि सेमिनारला मी ध्रुवीय समुद्रातले छोटे कवचधारी प्राणी घेतलेत, म्हणजे क्रिल, कोपेपॉड, अँफिपॉड वगैरे, आणि अतिनील किरणांमुळे त्यांच्या पेशीत नेमकं काय होतं हे मांडायचंय. ओझोनच्या छिद्राचा भाग तयार आहे. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली बे स्टेशनच्या नोंदींवरून ते जगासमोर आणलं, १९८७ चा माँट्रियल करार, ओझोन २२० डॉबसन युनिटच्या (ओझोन मोजायचं एकक) खाली गेला की छिद्र धरायचं, हे सगळं कुठेही मिळतं.

अडलंय ते पुढे. प्रत्येक पुस्तकात लिहिलंय की युव्ही-बी मुळे डीएनएत थायमिन डायमर (एकमेकांना चिकटलेल्या थायमिनच्या जोड्या) बनतात, आणि लगेच पुढच्या ओळीत लिहिलंय की फोटोलायेज नावाचं एन्झाइम ते दुरुस्त करतं आणि ते चालतं उजेडावरच. मग ऊन वाढलं की नुकसान वाढणार तशी दुरुस्तीही वाढणार ना? मग प्राण्यांना त्रास का व्हावा? दुसरं म्हणजे आम्ही रत्नागिरीकडचे, आमच्याकडे ऊन काय असतं ते सांगायला नको आणि तरी जवळा वर्षानुवर्षं येतोच आहे, मग तिकडे ध्रुवावर सूर्य इतका खाली असताना युव्हीचा एवढा बाऊ का? गाईड सरांनी हाच प्रश्न मला विचारला आणि मला धड सांगता आलं नाही. कोणी नीट समजावून सांगेल का, प्लीज.

---

खाडीकाठ

निळाई, पहिला प्रश्न फार चांगला विचारलास, त्यातच सगळ्या विषयाचं उत्तर आहे. मी बायोकेमिस्ट्री शिकवतो म्हणून डीएनएच्या बाजूने सांगतो, समुद्राचं बाकीचे सांगतील.

आधी वेव्हलेंग्थ डोक्यात पक्की कर. युव्ही-बी म्हणजे साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटर, युव्ही-ए ३१५ ते ४००. ओझोन अडवतो तो मुख्यतः युव्ही-बी. युव्ही-ए आणि निळ्या उजेडाला ओझोन असला काय नसला काय, फारसा फरक पडत नाही. आता फोटोलायेजला कुठला उजेड लागतो? युव्ही-ए आणि निळा, साधारण ३५० ते ४५० च्या आसपास. म्हणजे ओझोन पातळ झाला की नुकसान करणारे किरण वाढतात पण दुरुस्तीला लागणारा उजेड जेवढा होता तेवढाच राहतो. "ऊन वाढलं की दोन्ही वाढणार" हे तू धरून चाललीस तिथेच गडबड आहे, कारण इथे ऊन वाढत नाहीये, उन्हातला एक तुकडाच वाढतोय आणि तो नेमका वाईट तुकडा आहे.

आता थंडी. डीएनएत शेजारी शेजारी दोन थायमिन असले, किंवा थायमिन-सायटोसिन, आणि युव्ही-बी चा फोटॉन शोषला गेला की दोघांमध्ये थेट बंध तयार होतो, चार कार्बनची कडी. याला सायक्लोब्युटेन पिरिमिडीन डायमर म्हणतात, सगळे सीपीडीच म्हणतात. साधारण पाऊण भाग नुकसान हे, आणि उरलेल्यात मुख्य ते सिक्स-फोर फोटोप्रॉडक्ट. ही रिॲक्शन पिकोसेकंदात होते आणि तिला लागणारी ऊर्जा पूर्णपणे फोटॉनमधून येते, त्यामुळे पाणी उणे १.८ डिग्री असो की २८ डिग्री, डायमर जवळपास तेवढेच बनणार. दुरुस्तीचं तसं नाही. फोटोलायेजला आधी तो डायमर शोधून त्याला चिकटावं लागतं, मग एन्झाइममधला फ्लेव्हिन नावाचा रेणू उजेड घेऊन डायमरला एक इलेक्ट्रॉन देतो आणि बंध सुटतो. उजेडाची पायरी पटकन होते पण शोधणं, चिकटणं, सुटून पुढच्या डायमरकडे जाणं आणि मुळात एन्झाइम तयार करणं हे सगळं तापमानावर चालतं.

दुसरा मार्ग म्हणजे न्यूक्लिओटाइड एक्सिजन रिपेअर, याला डार्क रिपेअर पण म्हणतात कारण उजेड लागत नाही. यात खराब तुकडा दोन्ही बाजूंनी कापून काढायचा आणि समोरची साखळी बघून नवीन भरायचा. बरीच प्रोटीन्स लागतात, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होतं, थंडीत अजून हळू. माणसाकडे फोटोलायेज नाहीच, आपण पूर्णपणे या दुसऱ्या मार्गावर आहोत, म्हणून तर झीरोडर्मा पिग्मेंटोसम, म्हणजे हा मार्गच जन्मतः बिघडलेला आजार, असलेल्या मुलांना उन्हात बाहेर काढता येत नाही. क्रिल आणि कोपेपॉडकडे दोन्ही मार्ग आहेत, त्या बाबतीत ते आपल्यापेक्षा बरे.

आणि डायमर दुरुस्त नाही झाला तर काय होतं हे सेमिनारमध्ये नक्की सांग कारण लोक "म्युटेशन" म्हणून सोडून देतात. जीन वाचणारं एन्झाइम, आरएनए पॉलिमरेज, त्या जागी येऊन अडकतं, तो जीन वाचलाच जात नाही, प्रोटीन बनत नाही. पेशी विभागत असेल तर डीएनएची नक्कल करणारं डीएनए पॉलिमरेज पण अडकतं. डायमर फार साचले की पेशी स्वतःच मरणाचा मार्ग घेते, ॲपॉप्टोसिस. वाढलेल्या प्राण्यात काही पेशी गेल्या तर चालून जातं, पण अंड्यात मोजक्याच पेशी असतात आणि त्या सतत विभागत असतात, तिथे एवढ्यानेच गर्भ वाकडा होतो नाहीतर मरतो.

---

पेशीवाली

खाडीकाठ सरांनी डीएनए छान सांगितलं पण निळाई, तू फक्त डीएनएवर थांबू नकोस, ध्रुवीय प्राण्यांची खरी वेगळी गोष्ट मला तरी चरबीत वाटते.

असं बघ, थंड पाण्यात पेशीचं पटल घट्ट होऊन चालत नाही, ते लवचिक राहायला पाहिजे, म्हणून हे प्राणी पटलात पॉलीअनसॅच्युरेटेड, म्हणजे अनेक डबल बाँडवाली, फॅटी ॲसिड भरपूर ठेवतात, ईपीए आणि डीएचए, तेच जे फिश ऑइलच्या कॅप्सूलवर लिहिलेलं असतं. डबल बाँड जितके जास्त तितकं पटल थंडीत सैल राहतं, पण तितकंच ते ऑक्सिडाइज व्हायला सोपं. आणि थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, शून्य डिग्रीच्या समुद्राच्या पाण्यात आपल्या २८ डिग्रीच्या पाण्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट. म्हणजे सहज जळणारी चरबी आणि वर भरपूर ऑक्सिजन, आता यात युव्ही टाक.

युव्ही-ए थेट डीएनएत फारसा शोषला जात नाही पण पेशीतले फ्लेव्हिन, पॉर्फिरिन असले रेणू तो शोषतात आणि ऊर्जा ऑक्सिजनला देतात. त्यातून ऑक्सिजनची आक्रमक रूपं बनतात: सिंग्लेट ऑक्सिजन, सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि लोह जवळ असेल तर हायड्रॉक्सिल रॅडिकल, जो कशालाही सोडत नाही. हा एका फॅटी ॲसिडचा हायड्रोजन ओढतो, ते फॅटी ॲसिड स्वतः रॅडिकल होतं, ते शेजारच्याचा ओढतं आणि अशी साखळी पटलभर पसरते. लिपिड पेरॉक्सिडेशन म्हणतात ते हेच. पटल गळकं होतं, मायटोकाँड्रिया बिघडतात, बिघडलेल्या मायटोकाँड्रियातून अजून सुपरऑक्साइड. डीएनएतल्या ग्वानिनचं पण ऑक्सिडेशन होतं, ८-ऑक्सोग्वानिन, आणि ते फोटोलायेजला दुरुस्त करता येत नाही, त्याला वेगळी यंत्रणा लागते.

याला अडवायला सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटॅलेज, ग्लुटाथायोन हे सगळं असतं, पण कॅटॅलेज स्वतःच उजेडाने खराब होतं हे लक्षात ठेव. त्यामुळे पेपरमध्ये "कॅटॅलेज कमी झालं" असं दिसलं की त्याचा अर्थ प्राण्याला गरज नव्हती असा घ्यायचा नाही, बऱ्याचदा ते मारलं गेलेलं असतं. मुलं इथे हमखास उलटा निष्कर्ष काढतात.

---

उभा_किरण

मी फिजिक्सवाला, मला एक शंका आहे आणि ती निळाईच्या सरांच्या शंकेसारखीच आहे. हे सगळं पेशीत होतं मान्य, पण किरण पेशीपर्यंत पोचतात का हे आधी बघायला नको का? ध्रुवावर सूर्य तिरपा, वर बर्फ, बर्फावर स्नो, आणि क्रिल दिवसा खोल जातो म्हणतात. मला वाटतं ओझोनच्या नावाखाली हे जरा वाढवून सांगितलं जातं.

---

प्लवक

उभा_किरण, शंका रास्त आहे पण उत्तर "पोचतात" असंच आहे, किती ते जागेवर अवलंबून. मी गोव्यात प्लँक्टनवरच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिरप्या सूर्याचं आधी. अंटार्क्टिक द्वीपकल्पावर पामर स्टेशन आहे, साधारण ६४ अंश दक्षिण. ओझोनचं छिद्र वरून जातं तेव्हा तिथला युव्ही इंडेक्स कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या उन्हाळ्यातल्या आकड्यांच्याही वर गेल्याच्या नोंदी आहेत, आणि सॅन दिएगो ३२ अंशावर आहे. त्यात तिथे दिवस लांब आणि बर्फावरून परावर्तन. आपल्या जवळ्याचं म्हणशील तर तो गढूळ किनाऱ्याच्या पाण्यात राहतो, पावसाळी नद्यांचा गाळ आणि कुजलेल्या पाल्याचे विरघळलेले पिवळे रेणू युव्ही-बी वरच्या थोड्याशा पाण्यातच संपवून टाकतात. अंटार्क्टिकातलं उघड्या समुद्राचं पाणी, डायटमचा (सूक्ष्म शैवालाचा) बहर यायच्या आधी, इतकं स्वच्छ असतं की युव्ही-बी वीस-तीस मीटर खोलवरही मोजता येतो. त्यामुळे रत्नागिरीचं ऊन कडक असूनही पाण्याखालचा हिशोब वेगळा निघतो. निळाई, तुझ्या सरांना हे सांग.

हे प्रयोगशाळेपुरतं नाही. १९९७ मध्ये अमेरिकेच्या पीएनएएस या संशोधनपत्रिकेत एक काम आलं, अंटार्क्टिक समुद्रातून पकडलेल्या क्रिलमध्ये आणि आइसफिशच्या अंड्यांमध्ये थेट सीपीडी मोजले होते. दिवे लावून केलेलं नुकसान नव्हे, समुद्रात उन्हाने झालेलं. त्याआधी १९९२ मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आलं होतं की छिद्राखाली, बर्फाच्या काठच्या पाण्यात वनस्पती-प्लवकांचं उत्पादन ६ ते १२ टक्क्यांनी घटतं. म्हणजे क्रिलला दोन्हीकडून, अंगावर पण आणि ताटात पण.

क्रिलबद्दल अजून एक. त्याच्या डीएनएत ए आणि टी (ॲडेनिन आणि थायमिन) चं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे शेजारी शेजारी थायमिन येण्याची शक्यता जास्त, आणि १९९९ च्या सुमारास यावरूनच लोकांनी म्हटलं होतं की क्रिलला युव्हीचा धोका जास्त असू शकतो. २०२३ ला त्याचा पूर्ण जीनोम आला, ४८ अब्ज बेस, माणसाच्या सोळा पट, आणि त्यातला बहुतेक भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा आहे. आता हे सगळे डायमर कामाच्या जीनमध्ये पडतात असं नाही, त्यामुळे नुसत्या ए-टी वरून मोठा निष्कर्ष काढू नये असं माझं मत आहे, पण सेमिनारला मुद्दा म्हणून जरूर घे.

बचावाचं राहिलंच. यांच्याकडे स्वतःचं सनस्क्रीन असतं, मायकोस्पोरिनसारखी अमिनो ॲसिड्स, एमएए म्हणतात, ती ३१० ते ३६० नॅनोमीटरच्या पट्ट्यात किरण शोषून उष्णता करून सोडतात. गंमत म्हणजे हे रेणू प्राण्यांना बनवता येत नाहीत, त्यासाठी लागणारा शिकिमेट मार्ग प्राण्यांत नाहीच, ते शैवाल खाऊन साठवावे लागतात. फिओसिस्टिस नावाचं अंटार्क्टिकातलं शैवाल भरपूर एमएए बनवतं. म्हणजे कोणाच्या पेशी किती सुरक्षित हे त्याने काय खाल्लं यावर ठरतं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आर्क्टिकमधलं आहे, स्वालबार्डच्या कॉंग्सफ्योर्डमधले अँफिपॉड. तिथला गॅमॅरेलस होमारी उथळ पाण्यात शैवालावर जगतो, त्याच्या अंगात एमएए आणि कॅरोटिनॉइड असतात आणि तो युव्ही बऱ्यापैकी सोसतो. ॲनॉनिक्स न्यूगॅक्स मेलेल्या प्राण्यांवर जगतो, त्याच्याकडे हे सनस्क्रीन जवळपास नसतं, तो तेवढ्याच युव्हीखाली लवकर खचतो आणि त्याची अँटिऑक्सिडंट एन्झाइम घसरतात. एकच फ्योर्ड, एकच थंडी, फरक जेवणाचा. आपलं हिमाद्री स्टेशन याच फ्योर्डच्या काठी न्यू-ओलेसुंडला आहे, २००८ पासून, आणि गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून तिकडचं काम चालतं, त्यामुळे पुढे कधी तुला जायचं असेल तर हे नाव लक्षात ठेव.

दुसरं संरक्षण म्हणजे लाल रंग, ॲस्टाझँथिन. ते युव्ही फारसं अडवत नाही, सिंग्लेट ऑक्सिजनची ऊर्जा काढून घेतं, म्हणजे पेशीवाली ताईंनी सांगितलेली साखळी सुरूच होऊ देत नाही. पण लाल कोपेपॉड माशाला लगेच दिसतो. गोड्या पाण्याच्या तळ्यांत हे नीट दिसून आलंय, मासे नसलेल्या तळ्यात कोपेपॉड लाल आणि मासे असलेल्या तळ्यात फिके. एमएएला रंग नसतो, त्यामुळे जिथे मासे जास्त तिथे ते परवडतं.

---

उभा_किरण

युव्ही इंडेक्सचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पाण्याच्या स्वच्छतेचा मुद्दा पटला. पण अंडी? ती तर पोहून खाली जाऊ शकत नाहीत, एमएए पण खाऊ शकत नाहीत.

---

प्लवक

अंड्यांना एमएए आईकडून मिळू शकतात, तिने खाल्लेले असतील तर. बाकी प्रत्येक जातीचं वेगळं आहे आणि इथेच सरसकट बोलणं चुकतं. अंटार्क्टिक क्रिलची अंडी जड असतात, टाकल्यावर बुडत बुडत शेकडो मीटर खाली जातात, हजार मीटरपर्यंत सुद्धा, तिथे फुटतात आणि मग पिल्लं वर चढत येतात. म्हणजे सगळ्यात नाजूक काळ अंधारात. शिवाय अंडी घालायचा हंगाम मुख्यतः डिसेंबर ते मार्च आणि छिद्र सप्टेंबर ते नोव्हेंबर, त्यामुळे आजवर गाठ कमी पडायची. पण २०२० पासून सलग काही वर्षं छिद्र डिसेंबरपर्यंत रेंगाळलं, आणि समुद्रावरचा बर्फ पण कमी झालाय, म्हणजे झाकण गेलं आणि काळ पण सरकला. हे मला स्वतःला फार काळजीचं वाटतं. क्रिलचा एकूण भार ३० ते ५० कोटी टन धरतात आणि देवमासे, पेंग्विन, सील सगळे त्यावर.

कोपेपॉडमध्ये कॅलॅनस फिनमार्किकस वरच्या पाण्यात अंडी टाकतो, अंडं पाव मिलिमीटरहूनही लहान आणि पारदर्शक, किरण आरपार. कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखातात त्यावर काम झालंय, तिथे दिसलं की ३१२ नॅनोमीटरच्या खालचे किरण अंड्यांना सगळ्यात घातक. ओझोन पातळ झाला की सगळ्यात जास्त वाढ याच टोकाला होते. कॅलॅनस हायपरबोरियस हिवाळ्यात खोलवर अंडी घालतो आणि ती वर तरंगत येतात, तेव्हा वर अजून अंधार नाहीतर बर्फ. तिघांची तीन गणितं, आणि आर्क्टिकला ओझोन दरवर्षी एवढा घटत नाही, २०११ आणि २०२० ही मोठी वर्षं.

---

निळाई

बापरे, एवढं सगळं, मनापासून आभार सगळ्यांचे. सर मला आता नक्की विचारतील की हे पेपर एकमेकांशी जुळत का नाहीत, कारण मी वाचलेल्यात एका ठिकाणी थोड्या तासांत प्राणी मेलेत आणि दुसरीकडे काहीच झालं नाही. हे कसं वाचायचं?

---

खाडीकाठ

मेथड्सचा भाग आधी वाच, निकाल नंतर. दिवा कुठला वापरलाय ते बघ. नुसता युव्ही-बी चा दिवा लावून बाकी अंधार ठेवला असेल तर फोटोलायेजला उजेडच मिळाला नाही, मग नुकसान फुगून दिसणारच. खऱ्या समुद्रात युव्ही-बी बरोबर निळा उजेड कायम असतो, उलट खोल जाताना युव्ही-बी आधी संपतो आणि निळा बराच खाली जातो, म्हणजे थोडं खाली सरकलं की नुकसान थांबून दुरुस्ती चालू राहते. स्थिर बाटलीत पृष्ठभागाला अडकवून ठेवलेल्या प्राण्याला ही सोय नाही.

मग फिल्टर बघ. सेल्युलोज ॲसिटेट लावलंय का, ते दिव्यातून येणारा युव्ही-सी (२८० च्या खालचा) अडवतं, जो उन्हातून जमिनीपर्यंत पोचतच नाही, ते नसेल तर तो प्रयोग बाजूला ठेव. एका गटावर मायलार नावाची प्लास्टिकची फिल्म हवी, ती साधारण ३२० च्या खालचं सगळं अडवतं, म्हणजे तो गट युव्ही-ए आणि उजेडावर राहिला. आणि एक गट सगळा युव्ही अडवलेला. हे तिन्ही असतील तरच युव्ही-बी ने काय केलं ते वेगळं सांगता येतं.

---

पेशीवाली

याला जोडून, पाण्याचं तापमान किती ठेवलं होतं आणि प्रयोगाआधी प्राण्यांना काय खायला घातलं होतं याचा पण पेपरनिहाय तक्ता कर. उपाशी ठेवलेल्या किंवा एमएए नसलेल्या शैवालावर वाढवलेल्या क्रिलचे निकाल आणि ताज्या पकडलेल्या क्रिलचे निकाल एका रांगेत ठेवू नकोस. आणि मोजलं काय ते बघ, फक्त मेले की जगले एवढंच असेल तर पेशीबद्दल तो पेपर काही सांगत नाही. सीपीडी, पेरॉक्सिडेशन आणि एन्झाइम तिन्ही एकाच प्राण्यात, आणि उजेड बंद केल्यावर काही तासांनी परत मोजलेले असतील, तर तो पेपर सेमिनारच्या मध्यभागी ठेव, कारण नुकसान किती झालं आणि त्यातलं किती भरून निघालं हे दोन्ही त्यातच दिसेल.